खेळणे, खेळवणे आणि गाणारी पेटी

१

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात इंद्रप्रमुख देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि मागणी करतात ती 'नाट्या'ची नव्हे. त्यांना हवे असते एक 'क्रीडनीयक', म्हणजे खेळणे. ते कसे असावे याविषयी त्यांच्या दोन अटी आहेत. ते पाहता यावे आणि ऐकताही यावे, ही पहिली. आणि ज्यांना वेदश्रवणाचा अधिकार नाही त्यांच्यासह सर्व वर्णांसाठी ते असावे, ही दुसरी. नाट्याला 'पाचवा वेद' ही प्रतिष्ठा मिळते ती या दुसऱ्या अटीतून. आपल्या काव्यशास्त्रचर्चेने रससूत्रावर अपार परिश्रम घेतले. त्या मानाने 'क्रीडनीयक' हा शब्द प्रास्ताविकातला म्हणून मागे पडला. वस्तुतः एका गंभीर शास्त्रग्रंथाच्या आरंभी खेळण्याची मागणी यावी, आणि त्या खेळण्याची कसोटी 'ते कोणाकोणाला उपलब्ध आहे' ही असावी, ही गोष्ट थांबून विचार करावा अशी आहे.

गेली काही वर्षे हा शब्द माझ्या मनात घोळतो आहे. मात्र नाट्याच्या संदर्भात नव्हे. मुलुंडच्या आमच्या घरात खिडकीशी ठेवलेल्या, उचलून कुठेही नेता येणाऱ्या एका गाणाऱ्या पेटीमुळे तो मला पुनःपुन्हा आठवतो. अशा वस्तूंवर लिहिणे हे समीक्षेचे काम आहे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. रोलाँ बार्थने १९५७ साली 'मिथॉलॉजीज'मध्ये खेळणी, प्लास्टिक आणि नवी मोटारगाडी यांचे वाचन केले, तेव्हापासून हा प्रश्न तत्त्वतः निकालात निघाला आहे. तरीही मराठीत आपण वस्तूंच्या रूपाविषयी लिहितो ते बहुधा स्मरणरंजनाच्या अंगाने. रेडिओ, कंदील, जाते, फाउंटन पेन यांवर हळवे ललित लेख पुष्कळ आहेत; त्या वस्तूंच्या रूपाने आपल्या हाताला, कानाला आणि नात्यांना कोणते वळण लावले याची चिकित्सा त्या मानाने थोडी आहे. प्रस्तुत लेख त्या दिशेने केलेला एक मर्यादित प्रयत्न आहे. संगीत ऐकवणाऱ्या, हाताळण्याजोग्या यंत्राचे रूप 'खेळकर' असते म्हणजे नेमके काय असते, आणि तो खेळकरपणा कोणाच्या बाजूचा असतो, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

२

या प्रश्नाला मराठी भाषाच काही वाटा सुचवते. 'खेळ' हा शब्द आपण केवळ क्रीडेपुरता वापरत नाही. घरात वारा खेळतो, अंगणात पाणी खेळवतात, व्यापाऱ्याजवळ खेळते भांडवल असते, खोलीतली हवा खेळती असावी असे वडीलधारी माणसे सांगतात. या सर्व प्रयोगांत एक समान अर्थच्छटा आहे: अडसर नसणे, ये-जा करता येणे, मोकळी जागा असणे. जे कोंडलेले आहे ते खेळते नसते. दुसरीकडे याच धातूचे प्रयोजक रूप 'खेळवणे' हे आहे, आणि त्याला दोन चेहरे आहेत. आई मुलाला खेळवते यात माया आहे. पण एखादा कारकून अर्जदाराला महिनोन्‌महिने खेळवत ठेवतो तेव्हा त्याच शब्दात सत्ता असते. खेळणाऱ्याच्या हाती डाव असतो. खेळवल्या जाणाऱ्याच्या हाती फक्त आशा असते.

खेळ आणि गांभीर्य यांचे वैर आपल्या परंपरेने मानलेले नाही, हेही येथे नोंदवायला हवे. तुकोबांच्या गाथेत फुगडी, टिपरी, हमामा, हुतुतू अशा खेळांवर रचलेले अभंग आहेत. तेथे खेळ हा अध्यात्माला लावलेला बाह्य अलंकार नसून विचाराचीच एक रीत आहे. याउलट खेळाला हलके समजणारी दृष्टी आधुनिक काळात शासनाच्या धोरणातही उतरली. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे आल्यानंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी रेडिओची खुंटी फिरवली आणि सिलोन केंद्र गाठले. त्याच वर्षी तेथे अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. १९५७च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीला त्या श्रोत्यांच्या मागे जावे लागले. एका लहानशा खुंटीवर कोट्यवधी बोटांनी केलेला हा निवाडा होता. यंत्राच्या रूपात श्रोत्याला खेळायला जागा असली की काय घडू शकते, याचे हे आपल्याकडील ठळक उदाहरण मानता येईल.

३

उचलून नेता येणाऱ्या संगीतयंत्रांचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर 'खेळकर रूप' या एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी वावरत असल्याचे दिसते. पहिली म्हणजे खेळण्यासारखे दिसणे. १९७०च्या दशकाच्या आरंभी पॅनासॉनिकने बांगडीच्या आकाराचा एक रेडिओ काढला होता. तो मनगटात अडकवता येई, आणि पिळून उलगडला की इंग्रजी 'एस' या अक्षराचा आकार घेई. भडक रंगाचे, गुळगुळीत, गमतीचे असे ते प्लास्टिक होते. पण ऐकण्याच्या क्रियेत त्याने काही बदल घडवला असे म्हणता येत नाही. गंमत आकारापाशी सुरू होऊन आकारापाशीच संपत होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: ऐकणे हाच खेळ व्हावा अशी सोय रूपातच असणे. सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी बाजारात आणलेला पहिला वॉकमन पाहावा. निळ्या-चंदेरी रंगाच्या त्या यंत्राला इअरफोनसाठी एक नव्हे, दोन खोबणी होत्या. शिवाय त्यावर नारिंगी रंगाचे एक बटण होते. ते दाबले की संगीताचा आवाज दबे, आतला मायक्रोफोन चालू होई, आणि ऐकणाऱ्या दोघांना कानातले न काढता एकमेकांशी बोलता येई. एकट्याने ऐकणे हे शेजारच्या माणसाशी असभ्यपणाचे ठरेल, अशी शंका आल्याने ही योजना केल्याचे कंपनीचे संस्थापक अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. ग्राहकांना मात्र हे यंत्र स्वतःपुरते हवे होते. पुढच्या प्रतिमानांतून ते बटण गेले आणि यथावकाश दुसरी खोबणही गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एकटेपणाचा इतिहास लिहिणाऱ्याने या बुजलेल्या खोबणीची नोंद घ्यायला हरकत नाही.

जपानी अभ्यासक शुहेई होसोकावा यांनी १९८४ साली वॉकमनवर लिहिलेल्या निबंधात कानात संगीत घेऊन चालणाऱ्या माणसाकडे एक गुप्त रंगभूमी म्हणून पाहिले आहे. त्याच्यापाशी काही रहस्य आहे हे रस्त्यावरच्या सर्वांना दिसते. ते काय आहे हे मात्र त्याच्याखेरीज कोणाला कळत नाही. भरताच्या परिभाषेत मांडायचे तर, दृश्य सर्वांसाठी आणि श्रव्य एकासाठी अशी येथे क्रीडनीयकाची फाळणी झाली आहे. मी मुलुंडहून घाटकोपरला लोकलने आणि तेथून मेट्रोने अंधेरीच्या महाविद्यालयात जाते. २०१४च्या जूनमध्ये मेट्रोचा हा मार्ग सुरू झाल्यापासून माझ्या दिवसाचे दोन तास या गुप्त रंगभूमींच्या गर्दीत जातात. लोकलच्या डब्यात टाळ-मृदंगाच्या गजरात भजन म्हणणारी मंडळे अद्याप भेटतात. काहींना त्यांचा आधार वाटतो, काहींना उपद्रव. पण त्या गजरात कोण काय ऐकते आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि ज्याला वाटेल त्याला टाळी देता येते. मेट्रोत शंभर माणसे शंभर गाणी ऐकत असतात आणि डबा शांत असतो.

२००१च्या ऑक्टोबरात आलेल्या आयपॉडने खेळाचा आणखी एक प्रकार रूढ केला. त्याचे चाक अंगठ्याने फिरवण्यात निव्वळ स्पर्शाचा आनंद होता. २००५ साली आलेल्या त्याच्या 'शफल' या लहान भावंडाला तर पडदाच नव्हता; पुढचे गाणे कोणते, हे नशिबावर सोपवता येई. रोजे कायवाने खेळांचे जे चार वर्ग केले आहेत (स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवंड) त्यांतील दैवाचा हा खेळ. तथापि रेडिओवरचे दैव आणि हे दैव यांत अंतर आहे. रेडिओवर जे लागेल ते माझ्या संग्रहाबाहेरचे असू शकते. 'शफल'मध्ये मीच भरलेली गाणी क्रम बदलून माझ्याकडे येतात. आज मोबाइलवरच्या संगीतसेवा आपल्या मागील निवडींवरून पुढचे गाणे सुचवतात. तेथे दैवही उरलेले नाही; आपल्याच सवयी आपल्याला खेळवत ठेवतात.

४

या पार्श्वभूमीवर २०१७ साली 'सारेगामा' कंपनीने बाजारात आणलेल्या 'कारवाँ' या यंत्राकडे पाहावे. आमच्या खिडकीतली पेटी ती हीच. जुन्या ट्रान्झिस्टरची आठवण करून देणारा चौकोनी देह, फिरवायची गोल खुंटी, दाबायची ठळक बटणे. आणि आत आधीच भरून ठेवलेली पाच हजार हिंदी चित्रपटगीते. खुंटी फिरवली की एका कलावंताकडून दुसऱ्याकडे जाता येते. मनोवृत्तीनुसार केलेले गट आहेत. अमीन सयानी यांच्या आवाजातील 'गीतमाला'ही आहे. शिवाय एफएम रेडिओ, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्हसाठी खोबण. पुढे मराठीसह अन्य भाषांतील आवृत्त्याही निघाल्या. 'आयपॉड शफल'ची विक्री थांबली तेही वर्ष २०१७ हेच. पडद्याविना ऐकण्याचा खेळ एका ठिकाणी संपत असताना दुसऱ्या ठिकाणी, निराळ्या वयाच्या हातांसाठी, तो नव्या वेषात सुरू होत होता.

कायवाच्या वर्गीकरणात हा अनुकरणाचा खेळ ठरेल. रेडिओ नसलेली वस्तू रेडिओचे सोंग घेते, आणि ते सोंग आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. बार्थने 'खेळणी' या लेखात फ्रेंच खेळण्यांवर घेतलेला आक्षेप येथे लागू करून पाहता येईल. ती खेळणी मोठ्यांच्या जगाच्या लघुप्रती असतात. त्यामुळे मूल निर्माता न होता केवळ मालक आणि वापरकर्ता होते, असे त्याचे म्हणणे आहे. 'कारवाँ' हे वृद्धांचे खेळणे मानले तर तेही श्रोत्याला त्याच्या भूतकाळाचा मालक करून टाकते, असे म्हणता येईल. एका विवक्षित कंपनीच्या भांडारातील पाच हजार गीते म्हणजेच 'तो काळ', असे समीकरण त्यातून तयार होते. ही कंपनी जुन्या ग्रामोफोन कंपनीची वारस असल्यामुळे ते भांडार अतिशय समृद्ध आहे, यात शंका नाही. पण समृद्ध असले तरी ते एक भांडार आहे. कोणता आवाज स्मरणात राहील याचा निर्णय येथे अभिरुचीइतकाच स्वामित्वहक्कही करतो. हवे ते नेमके गाणे शोधून काढण्याची सोय पेटीच्या दर्शनी भागावर नाही. श्रोत्याने गटांतून फिरायचे आणि समोर येईल ते स्वीकारायचे. म्हणजे रेडिओचे केवळ रूपच घेतले आहे असे नाही, त्याची वाट पाहण्याची सवयही उसनी घेतली आहे.

वाट पाहणे हाही श्रवणाचा घटक असतो. १९५५च्या एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले तेव्हा आठवड्याला एक या गतीने छप्पन्न गीतांना वर्षभराचा काळ लागला. माडगूळकरांचे शब्द आणि फडक्यांचे सूर यांच्या यशात या आठवड्याभराच्या अंतराचाही वाटा होता, असे मला वाटते. गीत संपल्यावर ते श्रोत्यांच्या घरात सात दिवस खेळत राहत होते. पाच हजार गाण्यांच्या पेटीत असे अंतर नाही. तेव्हा ही पेटी म्हणजे स्मरणरंजनाचा बांधीव माल आहे, असा निष्कर्ष काढून लेख येथे थांबवता आला असता. सिद्धान्ताच्या बाजूने तो निष्कर्ष चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे असे मला म्हणायचे आहे, आणि त्याचे कारण सिद्धान्तात नसून माझ्या घरात आहे.

५

माझ्या आईचे वय शहात्तर आहे. काचबिंदूमुळे तिची दृष्टी कडेकडेने आक्रसत गेली. आता तिला समोरचे थोडेसे, नळीतून पाहावे तसे दिसते. वडील २०१८ साली गेले. मी आणि माझे पती कामावर, मुलगी शाळेत. दुपारचे पाच-सहा तास ती एकटी असते. माझ्या भावाने तिला एक चांगला मोबाइल आणून दिला होता. त्यात जगातली सर्व गाणी होती. तिने तो चार दिवस हाताळला आणि बाजूला ठेवला. "काचेवर बोटाला काही लागतच नाही गं," एवढेच ती म्हणाली. चिन्हमीमांसेवरची जी पुस्तके मी वर्गात शिकवते त्यांत स्पर्शपडद्याची याहून नेमकी समीक्षा मला आढळलेली नाही. ज्याला दिसते त्याच्यासाठीच गुळगुळीत काचेवरची चित्रे ही खूण असते. न दिसणाऱ्या बोटाला त्या काचेवर वर-खाली, इकडे-तिकडे काहीच नसते.

२०१९च्या दिवाळीत त्याच भावाने ही पेटी आणली. पहिल्या दिवशी आईने ती लावली नाही. मांडीवर घेऊन तिच्यावरून नुसता हात फिरवला. खुंटी कुठे, बटणे किती, कोणते उंच, कोणते खोलगट, हे पाहून घेतले. 'पाहून' हा शब्द तिचाच. दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयातून परतले तेव्हा स्वयंपाकघरात गाणे चालू होते. त्या आठवड्यात मला एक गोष्ट जाणवली. काचबिंदूचे निदान झाल्यापासून आई प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारून करत असे: दिवा लागला का, गॅस बंद आहे ना, फोनवर कोण आहे. या पेटीच्या बाबतीत मात्र तिने कोणाला काही विचारले नाही. जुन्या रेडिओचे सोंग घेतलेल्या त्या रूपाने तिच्या बोटांना पन्नास वर्षांपूर्वीचे ज्ञान परत वापरू दिले. बार्थच्या आक्षेपाला येथे एक पुरवणी जोडायला हवी. मुलाला मोठ्यांच्या जगाची लघुप्रत देणे आणि दृष्टी गमावणाऱ्या माणसाला त्याच्या परिचित जगाची लघुप्रत देणे, या दोन क्रियांचा अर्थ एक नाही. पहिलीत कदाचित कल्पनाशक्तीचा संकोच होत असेल. दुसरीत चुकण्याची भीती जाते, आणि भीती गेल्याखेरीज खेळ सुरूच होत नाही.

पुढे खेळ खरोखरच सुरू झाला, आणि तो यंत्र घडवणाऱ्यांनी कल्पिलेला नसावा. माझी बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी आजीजवळ बसते. खुंटी एकीने फिरवायची, दुसरीने गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यमेळावरून गायक आणि संगीतकार ओळखायचा. बरोबर आले की एक चिंचोका आपल्या वाटीत. "आजी, सांग आता कोण?" असे मुलीने घाई केल्यावर, "थांब गं, सूर तरी लागू दे," हे आईचे ठरलेले उत्तर. चिंचोके आईने सुचवले, कारण ते बोटांनी मोजता येतात. दैव, स्पर्धा आणि अनुकरण हे कायवाचे तीन वर्ग या खेळात एकत्र आले आहेत. हवे ते गाणे नेमके लावता न येणे ही मी मघाशी मर्यादा म्हणून नोंदवली. या दोघींसाठी तो खेळाचा नियम झाला आहे. पाच हजार ही बंदिस्त संख्या असली तरी ती दोघींपैकी कोणाच्याही स्मरणाहून मोठी आहे, म्हणून डाव रंगतो. वॉकमनच्या बुजलेल्या दुसऱ्या खोबणीची जागा येथे एका वाटीने भरून काढली आहे.

६

तरीही या खेळातली गाणी सर्वस्वी दुसऱ्यांनी निवडलेली होती. हे बदलले ते पेटीच्या त्या खोबणीमुळे, जिच्याकडे आम्ही दोन वर्षे लक्षही दिले नव्हते.

आईचे माहेर सातारा जिल्ह्यातले. १९९१च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आखातात नोकरी करणारा माझा मामा टू-इन-वन घेऊन गावी आला होता. त्याने माझ्या आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या टेप केल्या. तोवर गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती. जाते फक्त डाळ भरडायला उरले होते. ती कॅसेट पुढे आमच्याकडे आली. पेन्सिलीवर फिरवून कितीदा तरी तिचा फीत-गुंता सोडवलेला मला आठवतो. कालांतराने टेपरेकॉर्डर गेला आणि कॅसेट कपाटात राहिली. अंधेरीत ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने २०२१ साली ती साफ करून पेनड्राइव्हवर उतरवून दिली. साठ मिनिटांपैकी बावीस मिनिटे हाती लागली. त्यातही एक ओवी अर्ध्यावर तुटते आणि रेडिओवरचे चित्रपटगीत सुरू होते. घरातल्या कोणीतरी कधीतरी वर दुसरे काही टेप केले असावे.

मी तो पेनड्राइव्ह पेटीला लावला तेव्हा आई रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. दोन ओव्या ऐकून म्हणाली, "ही ओवी आमची बय अशी म्हणत नसे. टेपपुढे लाजली ती." आणि तिने आपल्या आठवणीतला पाठ म्हणून दाखवला, तो टेपवरच्यापेक्षा लांब होता आणि त्यात सासरच्या माणसांविषयी बरेच तिखट बोलणे होते. जेथे टेपवरची ओवी तुटते तेथे तिने पुढचे चरण जोडले. काही दिवसांनी तिने त्याच चालीत माझ्या मुलीचे नाव गुंफले. मुलीने ते मोबाइलवर मुद्रित करून पेनड्राइव्हवर चढवले, आणि आता संध्याकाळच्या खेळात खुंटीच्या फेऱ्यांबरोबर अधूनमधून पेनड्राइव्हचीही पाळी येते. तेथे ओळखायचे असते ते हे, की आवाज पणजीचा की आजीचा. दोन्ही आवाज इतके सारखे आहेत की चिंचोक्यांचा बराच वाद होतो.

ओवी या रूपबंधावर मी वर्षानुवर्षे व्याख्याने देत आले आहे. गी पॉयटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह झाला, हे विद्यार्थ्यांना सांगते; पाठभेद, सूत्रबद्धता, नामगुंफण या संज्ञाही सांगते. पण पाठभेद म्हणजे टेपपुढचे लाजणे असू शकते, हे मला त्या दुपारी कळले. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण आपण शब्दशः घेत नाही. ती शब्दशः घ्यायला हवी. खुंटा धरून हात गोल फिरू लागला की चरण आपोआप वळणावर येतात. जात्याचा खुंटा आणि पेटीची खुंटी यांत मला साम्य दिसते, पण त्या साम्यात वाहून जाण्याचे कारण नाही. जाते हे खेळणे नव्हते. पहाटेच्या अंधारात उपाशीपोटी केलेल्या त्या श्रमात ओवीने थोडीशी मोकळी जागा काढली होती; सासूला, नवऱ्याला, देवालाही जे एरवी बोलता येत नव्हते ते तेथे बोलता येई. खेळाचे मोल त्या जागेत होते, दगडात नव्हते. यंत्राच्या बाबतीतही तेच म्हणावे लागेल.

७

येथवर आल्यावर खेळकर रूपाविषयी काही विधाने करता येतील. रूप खेळकर असते ते त्याच्या आकारामुळे, रंगामुळे किंवा जुन्या वस्तूच्या सोंगामुळे नव्हे. हे सारे फार तर आमंत्रण असते. आमंत्रणालाही मोल असते. आईच्या बाबतीत ते नसते तर पुढचे काहीच घडले नसते. परंतु खेळणे आणि खेळवले जाणे यांतला निर्णायक फरक पुढच्या तीन प्रश्नांनी ठरतो. या वस्तूशी खेळताना दुसऱ्या कोणाला सामील होता येते काय? नियम थोडा वाकवता येतो काय? आणि जे आत भरून ठेवलेले आहे त्यात बाहेरून काही घालता येते काय? पहिला वॉकमन पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो, तिसऱ्याला अंशतः. मोबाइलवरची संगीतसेवा अमर्याद वाटते. पण तिच्यात माझ्या आजीच्या ओवीला सहज शिरकाव नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत सढळ उत्तर आमच्या उपनगरांत रस्त्यावर मिळते. घाटकोपर स्थानकाबाहेर भाजीच्या हातगाडीवर, रखवालदाराच्या खुर्चीखाली, रिक्षात, लुकलुकणारे रंगीत दिवे असलेले स्वस्त खोके वाजत असतात. त्यात पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड घालायची खोबण असते, किंबहुना त्याखेरीज फारसे काही नसते. एके काळी स्थानकाजवळच्या दुकानांत काही रुपयांत मेमरी कार्डात हवी ती गाणी भरून मिळत. भीमगीते, भोजपुरी गाणी, कोळीगीते, कव्वाल्या, गावच्या जत्रेतला गोंधळ असा कोणत्याही कंपनीच्या एका भांडारात न मावणारा संग्रह त्या खोक्यांतून ऐकू येतो. स्वस्त कॅसेटने ध्वनिमुद्रणाची सत्ता मोठ्या कंपन्यांच्या हातून कशी निसटू दिली याचे विवेचन पीटर मॅन्युएल यांनी १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात केले आहे. हे खोके त्याच परंपरेतले. यात कलावंतांचा मोबदला बुडतो, हे खरे आहे आणि ते क्षम्य नाही. तरीही 'सर्व वर्णांसाठी' ही भरताची दुसरी अट कोणी पुरी करीत आणली असेल, तर ती देखण्या पेट्यांनी नव्हे, या ओबडधोबड खोक्यांनी, हे मान्य करायला हवे.

हा विचार मला शेवटी माझ्याच व्यवसायाकडे आणतो. मराठीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हीदेखील आधीच भरून ठेवलेली एक पेटी आहे. तिच्यात उत्तमोत्तम ऐवज आहे, तो निवडणाऱ्यांची अभिरुची चांगली आहे, आणि दर काही वर्षांनी आपण गटांचा क्रम बदलतो. घाटकोपर, विक्रोळी, गोवंडीहून येणारे विद्यार्थी या पेटीपुढे बसतात तेव्हा त्यांच्या घरी एक निराळा संग्रह वाजत असतो. आपण त्यांना खुंटी फिरवायला शिकवतो, आणि त्यातही आनंद आहे, हे मी आईकडे पाहून सांगू शकते. पण त्यांच्याजवळचे काही आणून लावावे अशी खोबण या पेटीला आहे काय? असली तर तिच्याकडे आमचे लक्ष कधी गेले आहे? गेल्या सत्रात मी ओवीचा पाठ शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना घरातला एक आवाज मुद्रित करून आणायला सांगितले. बत्तीस जणांपैकी एकोणीस जणांनी तो आणला. त्यांतल्या अकरा आवाजांना आमच्या अभ्यासक्रमात कोणत्या विभागात बसवावे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.